बघणाऱ्यांची चित्रं

आविलाला येणारा प्रवासी तट बघायला येतो, आणि तो बघण्यासारखा आहेच. कुठेही न तुटलेला अडीच किलोमीटरचा ग्रॅनाइटचा कोट, ऐंशीहून अधिक बुरूज, आणि कोटाबाहेर अकराशे मीटर उंचीवरचं उघडंबोडकं पठार. ऊन लख्ख पडलेलं असतानाही सकाळचा वारा कानाला झोंबतो. गावाची दुसरी ओळख म्हणजे संत तेरेसा. तिच्या नावाने विकले जाणारे, अंड्याच्या बलकाचे आणि साखरेत घोळवलेले पिवळे गोळे मिठाईच्या प्रत्येक दुकानात मांडलेले असतात. ही तेरेसा १५१५ साली जन्मली. तिचे आजोबा तोलेदोतले कापडाचे व्यापारी. घराणं मूळचं ज्यू, बाटून ख्रिस्ती झालेलं. गुपचूप जुने आचार पाळल्याबद्दल १४८५ साली त्यांना ‘सान्बेनितो’ नावाचा बदनामीचा झगा अंगावर घालून कित्येक शुक्रवार तोलेदोच्या चर्चांमधून फिरावं लागलं होतं. मग कुटुंबाने गाव बदललं. पुढच्या पिढ्यांनी ही गोष्ट इतकी खोल पुरली की कागदपत्रांतून ती वर यायला विसावं शतक उजाडलं.

मी आले होते त्या झग्याच्या मागावर. प्रस्थापित धर्माहून वेगळा विचार करणाऱ्यांना समाजाने कसं वागवलं, याची चित्रं आणि पुतळे युरोपभर आहेत. रोमच्या काम्पो दे फिओरी चौकात जोर्दानो ब्रुनोला १६०० साली जाळलं, तिथे १८८९ पासून त्याचा पुतळा उभा आहे. पण स्पेनमध्ये एक वेगळीच सोय आहे. इथे एकच प्रसंग तीन चित्रकारांनी तीन वेगवेगळ्या शतकांत रंगवलेला सापडतो, आणि तिन्ही चित्रं आज माद्रिदमध्ये एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तो प्रसंग म्हणजे ‘आउतो दे फे’. इन्क्विझिशनने, म्हणजे धर्माच्या चौकशी-न्यायालयाने, आरोपींना जाहीरपणे निकाल ऐकवायचा तो सोहळा. सोहळा हा शब्द मी विचार करूनच वापरते आहे.

यातलं पहिलं चित्र आविलाचं. गावाच्या कोटाबाहेर उताराच्या अंगाला सांतो तोमास नावाचा डोमिनिकन साधूंचा मठ आहे. १४८२ साली सुरू झालेलं बांधकाम १४९३ मध्ये पुरं झालं. आत एकामागून एक तीन चौक, भोवती कमानींच्या ओवऱ्या, आणि दगडावर सगळीकडे राजा फर्नांदो आणि राणी इसाबेल यांची खूण असलेलं जू आणि बाणांची जुडी कोरलेली. त्यांचा एकुलता एक मुलगा राजपुत्र हुआन १४९७ साली एकोणिसाव्या वर्षी गेला. त्याची संगमरवरी समाधी चर्चच्या मधोमध आहे आणि ती फार सुंदर आहे. पहिला महाइन्क्विझिटर तोमास दे तोर्केमादा याच मठात राहिला, १४९८ मध्ये इथेच वारला आणि इथेच पुरला गेला. ज्यांच्यावर खटले चालत त्यांची मालमत्ता जप्त होई. राजाच्या खजिनदाराने ठेवलेल्या देणगीबरोबर त्या जप्तीचाही पैसा या भिंतींमध्ये गेला. इन्क्विझिशनला ठरलेलं मोठं उत्पन्न नव्हतं. त्याचा खर्च दंड आणि जप्ती यांतून भागे. ज्या न्यायालयाचं पोट दोषींच्या संपत्तीवर चालतं, त्याला दोषी सापडायला फार शोधावं लागत नाही.

आविलात १४९१ च्या नोव्हेंबरमध्ये काही ज्यूंना आणि बाटलेल्या ज्यूंना जाळण्यात आलं. आरोप असा की त्यांनी ला ग्वार्दिया गावच्या एका ख्रिस्ती मुलाला क्रूसावर चढवून मारलं. कुणाचं मूल हरवल्याची तक्रार नव्हती, प्रेतही सापडलं नाही. कबुल्या होत्या, आणि त्या छळाच्या खोलीत मिळालेल्या होत्या. चार महिन्यांनी, ३१ मार्च १४९२ रोजी, स्पेनमधल्या सगळ्या ज्यूंना देश सोडण्याचा हुकूम निघाला. या हुकुमाचं एक टोक आपल्या मुंबईला येऊन टेकतं. ते पुढे सांगते.

हा मठ सजवायला पेद्रो बेरुगेते नावाचा चित्रकार लावला होता. संत थॉमस अॅक्वायनसच्या चरित्राचे त्याने रंगवलेले फलक मुख्य वेदीवर अजून आहेत. त्याचे दुसरे काही फलक मात्र, आणि त्यांत आपलं पहिलं चित्रही आलं, एकोणिसाव्या शतकात माद्रिदला गेले. त्यामुळे मठात ते बघायला मिळत नाहीत. मिळतं ते अनपेक्षित असं पूर्वेकडच्या कलेचं संग्रहालय. फिलिपिन्स, चीन, जपान, व्हिएतनाम इथे धर्मप्रसाराला गेलेल्या साधूंनी आणलेल्या मूर्ती, भांडी, हस्तिदंत. परक्या देवांच्या मूर्ती काचेमागे इतक्या प्रेमाने जपलेल्या, आणि तेही तोर्केमादाच्या घरात! मला त्या दालनातून पाय काढवेना.

आविलाहून माद्रिदला येताना गाडी ग्वादारामाच्या डोंगरातून उतरते. गोल गुळगुळीत धोंडे, ओकची खुजी काळपट झाडं, दगडी कुंपणांच्या आत चरणारी काळी गुरं. वाटेत एल एस्कोरियाल लागतं, दुसऱ्या फिलिपचा राजवाडा आणि मठ. मी उतरले नाही.

प्रादो संग्रहालयात बेरुगेतेचा फलक गाठला तेव्हा समोर शाळेतली मुलं फरशीवर मांडी घालून बसली होती. फलक मोठा नाही, दीड मीटर उंच आणि जेमतेम एक मीटर रुंद. वरच्या भागात छताखाली सिंहासनावर संत डोमिनिक आणि त्याच्या आजूबाजूला न्यायाधीश, वस्त्रांवर सोनेरी चमक. खाली उजव्या कोपऱ्यात, सिंहासनाच्या पायाशी म्हणावं इतक्या खाली, खांबांना बांधलेली दोन उघडी माणसं आणि त्यांच्याखाली पेटलेली लाकडं. आणखी दोघं अंगात पिवळट झगे आणि डोक्यावर कागदाच्या उंच टोप्या घालून आपली पाळी येण्याची वाट बघत उभे. शिक्षिकेने मुलांना काहीतरी शोधायला सांगितलं आणि एका मुलीने ते ताबडतोब शोधलं. मंचावर बसलेल्या मंडळींपैकी एकाला चक्क डुलकी लागली आहे. मुलं खिदळली. मी चित्र अनेकदा पुस्तकात पाहिलं होतं, पण हा झोपलेला गृहस्थ माझ्या कधी लक्षात आला नव्हता. बेरुगेतेने तो का घातला असेल यावर पुष्कळ तर्क करता येतात. मला वाटतं, त्याने प्रत्यक्ष पाहिलेलं होतं तेच काढलं. निकालपत्रं तासन्‌तास वाचली जात. माणसं जळत असताना कंटाळा येऊ शकतो, ही गोष्ट चित्रातल्या आगीपेक्षा जास्त अंगावर येते.

चित्रात एक मोठी लबाडी मात्र आहे. संत डोमिनिक १२२१ साली वारला, आणि पोपचं इन्क्विझिशन त्याच्यानंतर सुरू झालं. स्पेनचं तर १४७८ च्या पोपच्या आज्ञेने, म्हणजे अडीचशे वर्षांनी. चित्रातले कपडे, शिपाई, झगे हे सगळं बेरुगेतेच्या काळच्या स्पेनचं. तोर्केमादाच्या मठाने नव्या संस्थेला जुन्या संताची वंशावळ जोडून घेतली. शिवाय निकालाचा सोहळा आणि जाळणं ही कामं एका जागी होतच नसत. चर्चच्या हाताला रक्त लागू नये म्हणून दोषीला सरकारी अंमलदाराच्या स्वाधीन करत आणि जाळायला गावाबाहेर नेत. चित्रकाराने दोन्ही एका चौकटीत आणलं आणि कळत-नकळत कायद्याचा तो पडदा फाडला. शेजारच्या दुसऱ्या फलकात याच संताची आणखी एक कथा आहे. पाखंड्यांची पुस्तकं आगीत जळताहेत आणि खऱ्या धर्माचं पुस्तक हवेत उडून वाचतंय.

त्या झग्याची भाषा सगळ्या प्रेक्षकांना वाचता येत असे. नुसता तिरपा क्रूस म्हणजे प्रायश्चित्त घेऊन सुटलेला. ज्वाळा खालच्या दिशेने काढलेल्या असतील तर ऐनवेळी कबुली देऊन आगीतून वाचलेला. ज्वाळा वरच्या दिशेने आणि त्यांत सैतानं नाचताना दिसली की तो जळणार. शिक्षा संपल्यावरही झगा संपत नसे. त्यावर नाव घालून तो गावच्या चर्चमध्ये टांगून ठेवत, जीर्ण झाला की नवा करून लावत. नातवंडांना, पतवंडांना नोकरी, मठात प्रवेश, चांगलं स्थळ मिळेना. तेरेसाच्या घरच्यांनी गाव का बदललं ते इथे कळतं.

इथे एक खुलासा करायला हवा. जाळल्या गेलेल्या सगळ्यांना मुक्त विचारांचे म्हणणं हा आपल्या काळाचा उत्साह आहे. यातल्या बहुतेकांना कुठलाही नवा विचार मांडायचा नव्हता. आजीने शिकवलं तसं शनिवारी चूल पेटवू नये, डुकराचं मांस खाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. पण मनात काय चाललंय याचा हिशेब मागायचा अधिकार एकदा एखाद्या संस्थेला दिला की डुकराचं मांस आणि पृथ्वीचं फिरणं एकाच वहीत नोंदलं जातं.

प्रादोमध्येच फ्रान्सिस्को रिसीचा १६८३ सालचा कॅनव्हास आहे. तो पावणेतीन मीटर उंच आणि जवळजवळ साडेचार मीटर रुंद. त्यासमोर पहिल्यांदा काहीच दिसत नाही. नुसती माणसं. चित्र आहे माद्रिदच्या प्लासा मायोर चौकात ३० जून १६८० रोजी झालेल्या आउतो दे फे-चं. वरच्या बाजूला सज्ज्यात अठरा वर्षांचा राजा दुसरा कार्लोस, आदल्या वर्षी फ्रान्सहून लग्न होऊन आलेली राणी आणि राजमाता. चौकात दोन बाजूंना पायऱ्यापायऱ्यांचे लाकडी मंच. एकावर महाइन्क्विझिटर आणि धर्माधिकारी, दुसऱ्यावर आरोपी. आरोपी शंभराहून अधिक होते. त्यांना शोधताना डोळे शिणतात, कारण रिसीने सज्जानसज्जा, खिडकीनखिडकी माणसांनी भरली आहे. रिसी राजाचा चित्रकार होता, आणि राजवाड्याच्या नाट्यगृहासाठी देखावेही रचायचा. ते त्याच्या हाडात मुरलेलं दिसतं. बेरुगेतेच्या चित्राचा नायक संत होता. इथे नायक गर्दी आहे.

तसं असणं खोटं नव्हे. सोहळ्याचा मंच उभारणारा होसे देल ओल्मो हा इन्क्विझिशनचा मानद सेवक होता, आणि त्याने या दिवसाचा तपशीलवार वृत्तान्त त्याच वर्षी छापला. सकाळी सुरू झालेला सोहळा रात्रीपर्यंत चालला. शहरातल्या कारागिरांच्या एका तुकडीने सरपणाच्या मोळ्या वाहून आणल्या. सरदारांमध्ये आरोपींच्या सोबतीला चालण्याचा मान मिळवण्यासाठी चढाओढ. कुणी जबरदस्तीने आणलेलं नव्हतं. समाज छळ करतो असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे एखादा क्रूर न्यायाधीश येतो. रिसीच्या चित्रात समाज अक्षरशः मोजता येतो, सज्ज्यागणिक.

आरोपींच्या मंचावर पुतळेही होते. पळून गेलेल्यांचे आणि खटला उभा राहण्याआधी मेलेल्यांचे. मेलेल्यांची हाडं उकरून, पेटीत घालून पुतळ्यासोबत आणत आणि जाळत. मुंबईचा धागा इथे जुळतो. १४९२ च्या हुकुमाने स्पेनमधून पोर्तुगालला गेलेल्या एका ज्यू जोडप्याचा मुलगा म्हणजे वैद्य गार्सिया द ऑर्ता. तिथे त्यांना बाटवण्यात आलं. मुलगा शिकला मात्र पुन्हा स्पेनमध्येच, सालामांका आणि माद्रिदजवळच्या अल्काला इथे. १५३४ मध्ये तो गोव्याला आला. मुंबईचं बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होतं. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. प्राचीन ग्रीक पंडितांच्या शब्दापेक्षा आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं खरं, ही त्याची वृत्ती त्यात पानोपानी आहे. १५६८ मध्ये तो अंथरुणात मेला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्याच्या इन्क्विझिशनने जाळलं. १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला आज त्याचं नाव आहे.

गोव्याच्या आउतो दे फे-चं रिसीसारखं भव्य चित्र नाही. आहेत ती गाब्रियेल देलों या फ्रेंच वैद्याच्या १६८७ सालच्या पुस्तकातली कोरीव चित्रं. तो दमणला पकडला गेला आणि गोव्याच्या तुरुंगात राहून आला होता. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली गोव्याच्या इन्क्विझिशनवर जो ग्रंथ लिहिला त्यात देलोंची हकिकत आहे. आरोपीच्या जागी उभं राहून सांगितलेला हा सोहळा वाचला की रिसीच्या चित्रात काय दिसत नाही ते कळतं. ते म्हणजे आरोपीचा चेहरा.

प्रत्यक्ष प्लासा मायोर मी रविवारी पाहिली. ओवऱ्यांमध्ये जुनी नाणी आणि टपाल तिकिटं विकणाऱ्यांचा बाजार भरला होता, आणि बाहेरच्या गल्ल्यांतून पावात घातलेल्या तळलेल्या माकुलांचा वास येत होता. चौक १६१९ साली पुरा झाला, तीनदा जळला, आणि १७९० च्या आगीनंतर हुआन दे व्हियानुएव्हाने त्याला आजचं बंदिस्त रूप दिलं. प्रादोची इमारत याच गृहस्थाची. इथे बैलांच्या झुंजी होत, संतांचे उत्सव होत, नाटकं होत, फाशी होई. अशा दिवशी सज्जा घराच्या मालकाचा राहत नसे. तो दरबारातल्या मानकऱ्यांना द्यावा लागे. चौकातल्या दिव्यांच्या खांबांना गोल बाकं आहेत आणि त्यांच्यावरच्या उठावचित्रांत चौकाचा इतिहास कोरला आहे. त्यांत आउतो दे फे-ही आहे. त्याला पाठ टेकून एक कुटुंब आइसक्रीम खात होतं. याचा राग यावा असं मला वाटलं नाही. शहराने ती गोष्ट लपवली नाही, बसायच्या जागी ठेवली.

तिथून अल्काला रस्त्यावरच्या सान फेर्नांदो कला अकादमीपर्यंत पंधरा मिनिटांची चाल आहे. प्रादोतली गर्दी इथे येत नाही. गोयाचं चित्र समोर आलं तेव्हा आधी आकाराचंच नवल वाटलं. पाऊण मीटरही रुंदी नाही, लाकडी फळीवर काढलेलं. साल १८१२ ते १८१९ च्या दरम्यानचं. रिसीच्या कॅनव्हासवर अशा पस्तीसएक फळ्या बसतील.

चौक नाही, राजा नाही, ऊन नाही. कमानींचा अंधारा दिवाणखाना. चार आरोपी, झगे आणि उंच टोप्या घातलेले. पुढच्याने हनुवटी छातीला लावली आहे आणि चित्रातला जवळजवळ सगळा उजेड त्याच्यावर पडलाय. कुणीतरी निकाल वाचतोय. साधूंचे चेहरे जाड फटकाऱ्यांनी उरकलेले, आणि मागची गर्दी तर नुसत्या ठिपक्यांची, अंधारात विरघळलेली. तीनशे वर्षांत चित्रकाराने जागा बदलली होती. बेरुगेते संताच्या पायरीशी होता, रिसी राजासमोर. गोया आरोपीच्या शेजारी आहे, आणि त्याला गर्दीचे चेहरे काढण्यात रस उरलेला नाही. हे चित्र त्याच्याकडून कुणी मागितल्याचंही दिसत नाही. पहिल्या दोघांना बोलावून काम दिलं होतं. मला हा फरक शैलीच्या फरकापेक्षा मोठा वाटतो.

ते रंगवणं साहसाचं होतं. नेपोलियनने १८०८ मध्ये इन्क्विझिशन बंद केलं, कादिसच्या लोकसभेने १८१३ मध्ये पुन्हा बंद केलं, आणि परत आलेल्या सातव्या फेर्नांदोने १८१४ मध्ये ते पुन्हा उघडलं. १८१५ मध्ये खुद्द गोयाला चौकशीचं बोलावणं आलं, ‘नग्न माहा’ हे चित्र कुणासाठी आणि का काढलं याचा जाब द्यायला. त्याआधी १७९९ मध्ये त्याने ‘काप्रिचोस’ हा ऐंशी कोरीव चित्रांचा संच विकायला काढला होता, आपल्याच घराखालच्या अत्तरांच्या दुकानात. त्यांतल्या दोन चित्रांत टोपी घातलेले आरोपी आहेत. संच त्याने लवकरच विक्रीतून काढून घेतला आणि १८०३ मध्ये तांब्याचे पत्रे राजाला देऊन टाकले. ते पत्रे याच अकादमीच्या इमारतीत जपून ठेवले आहेत.

याच विषयावरची त्याची रेखाटनं प्रादोकडे आहेत. कागदाला उजेड सोसत नाही म्हणून ती कायम भिंतीवर नसतात. मी ती संग्रहालयाच्या दुकानात, छापील प्रतींमध्ये, उभ्याउभ्या पाहिली. प्रत्येक पानावर एकच माणूस, आणि खाली एका ओळीत त्याचा गुन्हा. कुणी दुसऱ्या ठिकाणी जन्मला म्हणून, कुणी ज्यू वंशाचा म्हणून, कुणी मनाजोगतं लग्न केलं म्हणून. एका पानावर साखळदंडातला गॅलिलिओ आहे, पृथ्वी फिरते हे शोधल्याबद्दल. एका पानावर पाय नसलेला माणूस आहे आणि गुन्ह्याच्या जागी लिहिलंय की त्याला पाय नाहीत. निकालपत्राचीच भाषा उचलून गोयाने तिच्यावर उलटवली आहे. गर्दी यातल्या बहुतेक पानांवर नाहीच.

गोया १८२४ मध्ये फ्रान्सला निघून गेला. तो बोर्दोला राहायला गेल्यावर, जुलै १८२६ मध्ये, व्हालेन्सियात कायेतानो रिपोय नावाच्या शाळामास्तरला फाशी दिलं. देव आहे, पण चर्चची मध्यस्थी नको, असं त्याचं मत. मुलांना तो प्रार्थनेला चर्चमध्ये नेत नसे. इन्क्विझिशन तोवर प्रत्यक्षात उरलं नव्हतं, हे काम बिशपच्या धर्ममंडळाने केलं. जाळायचं धाडस कुणाला राहिलं नव्हतं, म्हणून फाशीच्या खाली एका पिंपावर ज्वाळा रंगवून ठेवल्या होत्या. या साऱ्या प्रवासातलं चौथं चित्र म्हणायचं तर हे पिंप. ते कुठल्याच संग्रहालयात नाही. इन्क्विझिशन कायद्याने कायमचं रद्द झालं १८३४ मध्ये.

शेवटी मी उत्तरेकडे सान बेर्नार्दोच्या चौकापर्यंत चालत गेले. पूर्वी इथे शहराची फुएन्काराल वेस होती, आणि १६८० च्या त्या रविवारी रिसीच्या चित्रातली गर्दी रात्री ज्यांच्यामागून बाहेर पडली ते दोषी इथेच जाळले गेले. आता मेट्रोचं स्थानक, वाहनांचा फेर आणि फळांची दुकानं. १८६९ मध्ये या भागात रस्त्यासाठी खोदकाम झालं तेव्हा जमिनीत राखेचे काळे थर लागले. त्या वर्षी नवं संविधान लिहिलं जात होतं आणि धर्मस्वातंत्र्याचं कलम ठेवावं की नाही यावर संसदेत रणकंदन चाललं होतं. होसे एचेगाराय नावाचा सभासद उठला. व्यवसायाने रस्ते-पुलांचा अभियंता, मातीचे थर वाचणं हा त्याचा रोजचा उद्योग. त्याने कुठल्याही तत्त्वज्ञानात न शिरता त्या खड्ड्यातल्या थरांचं वर्णन केलं. त्यात एक जळकी बरगडी होती, केसांची वेणी होती, आणि तोंडात कोंबायचा गंजलेला लोखंडी बोळा. पुढे तो नाटककार झाला आणि १९०४ मध्ये त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. कलम मंजूर झालं. ते सात वर्षं टिकलं. १८७६ च्या संविधानाने इतर धर्मीयांना पुन्हा घराच्या आत पाठवलं, आणि ते स्वातंत्र्य संविधानात कायमचं यायला १९७८ साल उजाडलं.